दुसरा परीक्षक

डिसेंबरात तार्तूमध्ये साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
किटली तापेपर्यंत मी नवं आलेलं उघडते:
हस्तलिखित एकशे बारा,
दलदलीतल्या शेवाळाची वाढ,
नऊ वर्षं, तारेच्या चारशे खुंट्या.

पहिलं काम नाव काढणं.
पानावरचं, तळटिपेतलं,
फाइलीच्या पोटात दडून बसलेलंसुद्धा.
तेवीस वर्षं हेच करते आहे,
माणसांना बिनचेहऱ्याचं करून
एकमेकांच्या दारात उभं करते.

पहिल्या परीक्षकाचं चार दिवसांत आलं.
"उत्तम. छापा."
वाचलं होतं का, देव जाणे.

दुसरा हेल्दुर.
वय एक्क्याऐंशी, घर व्होरूच्या पुढे,
शेवटच्या बसथांब्यावरून चालत अर्धा तास.
ईमेल त्याने कधी मानलाच नाही.
मी छापून पाठवायचे, तो पेन्सिलीने लिहून परत करायचा,
पाकिटात हमखास शेवाळाची एखादी काडी,
वाळलेली, चुकून पडल्यासारखी.
मी सगळं टंकायचे
आणि शेवटचं "घाई कसली आहे?"
दर वेळी गाळायचे,
कारण तेवढ्यावरून
त्याला अर्ध्या बाल्टिकने ओळखलं असतं.

या खेपेला अकरा पानं आली.
निबंधच मुळात चौदा पानांचा!
"तक्ता तीन, बेरीज चुकली आहे.
चौथ्या वर्षी शेवाळ वाढलेलं नाही,
बर्फाने तार वर ढकलली आहे. पुन्हा बघा.
जिथे 'सिद्ध होते' आहे तिथे 'वाटते' लिहा.
पान नऊ सुंदर आहे. त्याला हात लावू नका."

ओउलूहून उत्तर आलं, धुसफुसत:
हे गृहस्थ कधी दलदलीत उतरले तरी आहेत का?

मला हसू आलं, आणि लगेच आवरलंही.
सिर्क्का वैन्यो कुणाची विद्यार्थिनी,
बत्तीस वर्षांपूर्वी एका प्रबंधावरून
कुणी कुणाशी बोलणं टाकलं,
हे नव्या संपादकांना ठाऊक नव्हतं.
मला होतं.
नियमाने तो निबंध त्याच्याकडे जायलाच नको होता.
कान सोनारानेच टोचावेत, एवढंच मनात आलं
आणि मी गप्प राहिले.
तिच्या खुंट्या त्याने ओळखल्या असतील का?
तशी तार वाकवायला शिकवली होती त्यानेच.

एप्रिलमध्ये सुधारलेली प्रत आली.
चौथं वर्ष वगळलेलं. बेरीज बरोबर.
"वाटते" सतरा ठिकाणी, मी मोजलं.
पान नऊ जसंच्या तसं.
प्रत पुन्हा त्याच परीक्षकाकडे जाते, अशी रीत.
पण मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात
व्होरूच्या पुढे गोठलेली जमीन
कुदळीने फोडावी लागली होती.

संगणक विचारतो: परीक्षक उपलब्ध नाही, कारण निवडा.
वेळ नाही. विषय आपला नाही. हितसंबंध.
चौथा पर्याय नाही.
मी "वेळ नाही" निवडलं.

तेव्हा कुठे ती अकरा पानं परत काढली
आणि शेवट पाहिला.
"घाई कसली आहे" या वेळी त्याने लिहिलंच नव्हतं.
आणि मला वाटत होतं,
सवयीने मीच गाळलं.

अंक जूनमध्ये निघाला.
शेवटी बारीक अक्षरात आभार:
"दुसऱ्या अनामिक परीक्षकांचे,
ज्यांच्याशी भांडताना
आम्हाला आमचीच दलदल नीट दिसली."

माझ्या खणात काड्यांची डबी आहे.
बशीभर पाण्यात टाकली की काडी फुगते, हिरवट होते.
जिवंत होत नाही. फुगते फक्त.

ओउलूला लेखिकेची प्रत पाठवताना
पान नऊपाशी एक ठेवली,
चुकून पडल्यासारखी.

परीक्षकाचं नाव कुणाला कळवायचं नाही, हा नियम.
मी नाव कुठे लिहिलं?