नमुन्याप्रमाणे माहिती

साहेबांनी एक रंगीत घडीपत्रक पुढे सरकवलं,
नॉर्वेतलं. त्यांचा मेव्हणा फिरून आला होता.
"असं लिहा आपल्या धोंडपाखाडीचं.
इतिहास, प्रेक्षणीय स्थळं, कसे पोचाल.
तळ्याकाठी फलक लावायचाय. सोमवारी द्या."

त्या गावाचं नाव मला वाचता आलं नाही.
मधोमध एक ओ, त्यावर तिरपी रेघ,
शून्य लिहून कुणी खोडावं तशी.
फोटोत डांबर फासलेलं लाकडी चर्च,
लाल होडीघर, आणि तळं इतकं निवांत
की डोंगर सुलटा कुठला, उलटा कुठला, कळेना.
खालचं इंग्रजी शब्दकोश घेऊन लावलं:
लोकसंख्या तीनशे बेचाळीस.
हिवाळ्यात तळ्यावरून चालत पलीकडे जाता येते.
जुनी आगबोट अजूनही दर रविवारी सुटते.

शनिवारी पवईच्या मागच्या उतारानं
मी धोंडपाखाडीत उतरले, पत्रक पर्समध्ये.
पास्कू तुस्कानो कुरसाच्या ओट्यावर
निळं नायलॉनचं जाळं सांधत होता.
इतिहास विचारला.
"पानी आयला न् गाव जेला. लिव."
एवढाच?
"अजून कया पायजे?"

तेव्हा त्याची सून फ्लोरी बाहेर आली, हात पुसत.
तसं नाही हो, नीट घ्या लिहून.
गोऱ्या साहेबानं बांध घातला, मोजून पैसे दिले.
चिंचेला दोन रुपये, विहिरीला आठ,
उंबराला काही नाही,
कारण तो कुणी लावलेला नव्हता.
घरं वर सरकली, शहर पाणी प्यायलं.
आम्हाला नळ आला ब्याण्णव साली,
माझ्या लग्नाच्या वर्षी, म्हणून ध्यानात.
अजूनही पावणेसहा ते साडेसहा.

मी नमुन्याच्या चौकटी भरत गेले.
चर्चच्या जागी कुरूस, ताजा चुना दिलेला,
उजव्या हाताचा टवका उडालेला, क्रिकेटमुळे.
आगबोटीच्या जागी थर्माकोलचा तराफा,
त्यावर फ्लोरीचा आयवन, गळ घेऊन.
दर रविवारी सुटतो. परवानगी नाही.
तळ्यावरून चालणे: होय.
जलपर्णी इतकी दाट की बगळा पलीकडे जातो.
एकदा कुत्रा गेला होता.
मगर आहे. तिचं नाव घेत नाहीत, बाय म्हणतात.
लोकसंख्या फ्लोरीनं बोटांवर मोजली,
घराघरातून, दारं आठवत.
एकसष्ट.
मग अंगठा पेरावरच थांबला.
साठ. सिल्वेस्टरकाका मागच्या बुधवारी.

मला वाटलं, तिकडेही कुणी बसली असेल,
पायांत लोकरीचे मोजे, खिडकीला बर्फ,
तिथल्या कचेरीतली, माझ्यासारखीच कारकून,
त्रेचाळीसवर रेघ मारून
बेचाळीस लिहिणारी.

कसे पोचाल, एवढंच उरलं होतं.
पास्कूनं जाळं खाली ठेवलं.
"मे महिन्यान येवाचा. पानी उतरल्यावर.
चपला काडून."
मे महिनाच चालू होता.

चिखल भेगाळलेला, शिंपल्या पायाखाली मोडत होत्या.
म्हातारा पुढे, एकदाही मागे न बघता.
मग सपाट काळा कातळ, आणि कातळात
कोरलेलं उखळ.
"पणजीचा माज्या," म्हणाला, आणि
जरा लांब जाऊन विडी पेटवली.

मी वाकून हात घातला. कोपरापर्यंत गेला.
आतून गुळगुळीत, मुसळानं घासलेलं,
अकरा महिने पाण्याखाली राहूनही तसंच.
तळाशी ओंजळभर पाणी उरलं होतं, कोमट,
आणि त्यात बोटाएवढी एक मासळी
गोल गोल फिरत होती.
पाऊस यायला अजून तीन आठवडे.

मी पिशवीतली बाटली काढली,
अर्धी तिच्यात ओतली.

फलक तीन फूट बाय दोन.
साहेबांनी परत विचारलंय,
पार्किंगचं काय लिहिलंत?