दोन रकाने

तपासणी समिती येणार, म्हणून प्राचार्यांनी तक्ता मागितला.
डावीकडे क्रीडा, उजवीकडे अभ्यास,
तीन वर्षांची तुलना, शुक्रवारपर्यंत.

आमचं कॉलेज सांग्याच्या वर, सड्यावर. विद्यार्थी दोनशे बारा.
मी ग्रंथपाल. करंडकांच्या कपाटाची किल्लीही माझ्याकडेच,
कारण क्रीडा विभागाला खोली नाही
आणि वाचनालयात पुस्तकांपेक्षा कपाटं जास्त.

गेल्या बैठकीत नाझारेथ सर म्हणाले, भाला मोडलाय.
कुंकळ्येकर मॅडम म्हणाल्या,
आपल्या कोशात गोवा अजून पोर्तुगालचाच आहे.
चौदा हजारांत दोन्ही बसेनात.
बराच वेळ कुणीच बोललं नाही.
मग पाण्याचा कूलर घेतला.

मैदान चारशे मीटरचं होत नाही.
पूर्वेला प्रभुदेसायांच्या काजू आड येतात,
म्हणून फेरी तीनशे वीसची.
पंधराशे म्हणजे चार फेऱ्या आणि दोनशे वीस,
हे शेवंती वेळीप एका दमात सांगते.

ती नेत्रावळीकडून येते, पहाटेच्या कदंबाने.
बूट पिशवीत, पाय उघडे.
सात वाजता मी खिडक्या उघडतो तेव्हा
ती जांभ्यावरून पळत असते
आणि तिचे ओठ हलत असतात.
मला वाटायचं, देवाचं काही म्हणत असेल.
किंवा श्वास मोजत असेल.

तर्कशास्त्राच्या पेपरला पर्यवेक्षक मीच होतो.
प्रश्न अनुमानाचा. तिने पेन खाली ठेवलं,
डोळे मिटले,
आणि बाकाखाली टाचा उचलू लागल्या,
डावी, उजवी, डावी,
पुढच्या मुलीचं बाक हलेपर्यंत.
मग तिने पेन उचललं आणि दोन पानं न थांबता लिहिली.
कॉपी म्हणावी, तर कशावरून?

नंतर विचारलं, तर म्हणाली,
‘धांवता तेन्ना याद जाता, सर. बसून ना.’

पहिल्या फेरीला पक्ष आणि साध्य.
दुसरीला हेतू.
हेत्वाभास सगळे चौथीला, कारण ते अवघड,
आणि तोवर पायांना काही विचारावं लागत नाही.

बांबोळीला खरा ट्रॅक आहे, चारशेचा, मऊ.
तिथे तिच्या व्याख्या लवकर संपल्या.
प्रत्येक फेरीला ऐंशी मीटर उरायचे,
नुसते, रिकामे,
त्यात काय म्हणायचं हे तिने ठरवलं नव्हतं.
चौथी आली.
नाझारेथ सरांनी घड्याळ खिशात टाकलं
आणि तिला सोडा पाजला.

जूनमध्ये निकाल. सेकंड क्लास.

तक्त्यात डावीकडे विचारलंय: पदके.
उजवीकडे: प्रथम श्रेणी व त्यावरील.
मी दोन्हीकडे रेघ ओढली.
रेघ पट्टीने ओढली, म्हणून सरळ आली.
शुक्रवारी सही झाली, समिती आली, काजूगर खाऊन गेली.
कूलरचं पाणी थंड असल्याची नोंद झाली.

तिचं पुस्तक मात्र उशिरा परत आलं,
कडांना सड्याची लाल धूळ.
जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी,
त्या ओळीच्या समासात पेन्सिलीने:
१.०२, १.०५, १.११, १.०८.
खाली, बारीक: ४३.

नियमाने मी खोडायला हवं होतं. दंडही घ्यायला हवा होता,
अकरा दिवसांचा.
रबर ड्रॉवरमध्येच होतं.

यंदा रिवणचा एक मुलगा ते पुस्तक घेऊन टेबलापाशी आला.
सर, हे आकडे परीक्षेला आहेत काय?
मी चष्मा पुसला.
म्हटलं, तिसरा बघ, तिथे ती मंदावलीय.
काजूंच्या वळणावर असेल.
तिथे मुळं वर आलीत.