शिंगातलं मीठ

न्यू बुधवार पेठेतल्या विहारात
दर मंगळवारी रात्री आठनंतर
तळभंडारे सर पाली शिकवतात.
सर मिलमधले जुने जॉबर.
तुटलेला धागा बोटानं शोधायची सवय
अजून गेलेली नाही;
वाक्यातलं क्रियापदही तसंच हुडकतात,
डोळे मिटून.

भिंतीपलीकडे लूम चालू.
खटखट खटखट.
सर त्यावरून आवाज चढवतात:

"महापरिनिर्वाणाला शंभर वर्षं झाली होती.
लिहिलेलं काहीच नव्हतं,
सगळा धम्म माणसांच्या घशात.
आणि वैशालीत भांडण लागलं
दहा गोष्टींवरून.
पहिली गोष्ट, मीठ."

आम्ही हसलो.
मला वाटलेलं, आत्मा असेल,
निर्वाणाची व्याख्या असेल, काहीतरी मोठं.
मीठ!

"शिंगात मीठ भरून जवळ ठेवायचे काही भिक्खू.
भिक्षेत अळणी पडलं तर चिमूटभर.
बाकीचे म्हणाले, हा साठा झाला.
आज चिमूट, उद्या पोतं,
परवा गोदामाची किल्ली.
दुसरी गोष्ट, दुपार कलून
सावली दोन बोटं सरकली तर जेवावं का.
दहावी, सोनं-चांदी घ्यावी का.
खरं भांडण तेच.
पण सुरुवात मिठापासून करावी लागते."

छबुबाई मावशी विड्या वळून येते.
दिवसाला हजार, त्यातल्या साठ-सत्तर छाटात जातात.
तिला अक्षर येत नाही, वंदना अख्खी येते,
एका जागी चुकीची.
सर दुरुस्त करत नाहीत.
ती म्हणाली,
"ज्याच्या वाडग्यात अळणी पडलं
त्याला इचारलं का वो कुणी?"

सरांनी तोंड उघडलं
आणि लाईट गेली.

लूम थांबले.
इतकं शांत, की कान दुखले.
अंधारातून सर म्हणाले,
"वह्या मिटा. मागच्या मंगळवारचं म्हणा. तोंडपाठ."

निशांत सरवदे म्हणाला,
हे असलं की ते असतं,
हे थांबलं की ते थांबतं.
मी म्हणाले, नाही,
हे होतं म्हणून ते झालं.
मावशी म्हणाली,
हे हाय, म्हणून ते हाय.

"मावशी, होतं आणि आहे एकच कसं?
गेलेलं ते गेलं की."
"जातंय कुठं?
गिरणीचा भोंगा बंद पडून किती वर्सं झाली,
मी रोज त्याच टायमाला उठते.
मग भोंगा हाय का नाय, सांग."

कुणीच बोललं नाही.
मग अंधारात सरांचं हसू ऐकू आलं,
खोकल्यासारखं.
"ह्यावरूनच," ते म्हणाले,
"पुढं परत फुटले.
एक म्हणाले, झालेलं, चाललेलं, येणारं, सगळं आहे.
दुसरे म्हणाले, आत्ता आहे तेवढंच.
दोघांचंही पाठांतर चोख होतं."

आम्ही सात माणसं, एक सतरंजी.
पंधरा मिनिटांत आमचे तीन निकाय झाले होते
आणि कुणी कुणाला सोडून गेलं नव्हतं,
दार दिसत नव्हतं म्हणूनही असेल.

लाईट आली.
आधी पंखा फिरला, मग पलीकडचे लूम,
एकामागून एक, अडखळत.
मावशीनं पिशवीतून कैरीच्या फोडी काढल्या
आणि कनवटीची कागदाची पुडी.

सरांना बीपी आहे.
डॉक्टरांनी मीठ बंद केलंय,
बाईंनी विहारातल्या सगळ्यांना बजावून ठेवलंय.

सरांनी घड्याळाकडं पाहिलं,
मग पुडीकडं,
आणि दोन बोटं पुढं केली.

माझ्या वहीत त्या दिवशीचं पान
अर्धं कोरं आहे.