तिसरा चौकोन

ट्रेडल भंगारात द्यायचं ठरलं त्या दिवशी
तळाच्या केसमध्ये, झिजलेल्या ‘ळ’ आणि ‘ज्ञ’च्या खाली
सुतळीनं आवळलेला मजकूर सापडला.
चौबाऱ्यामागचं आमचं मन्मथ प्रेस.
उदगीरच्या निम्म्या लग्नांच्या तारखा इथं छापल्या गेल्या,
त्यातल्या दोन चुकीच्या.

खिळे उलटे असतात. आरसा धरून वाचलं:
सार्वमत. फसली तेराशे अठ्ठावन्न, पाच दै.
कोणत्याही एकाच चौकोनात फुली मारावी.
हिंदी संघराज्य.
हैदराबाद.
आणि तिसरा चौकोन, ज्याच्यापुढं अक्षर नाही.

असं मत आमच्या गावाला कुणी कधी मागितलं नव्हतं.
मौलासाब जुळारी हसले, दात नसलेलं हसू:
“किसीने नै बोल्या. मीच जुळवलं.
चौदा वर्षांचा होतो, रोजचे सहा आणे हाली,
मालक परगावी, दाराला कुलूप, मी आत.”
आणि तिसरा?
“नाव सूझ्याच नै, रे.”

मग चार दिवस आम्ही नाव शोधत बसलो.
भंगारवाला हबीब रोज यायचा, चहा पिऊन जायचा.
नाव सापडलं नाही, देश मात्र झाला.

वर गोदावरी, खाली मांजरा.
मनमाडला जिथं मोठा रूळ संपून लहान लागायचा
तिथं पासपोर्टचं टेबल, एक कारकून,
त्याची कायम जेवणाची सुट्टी.
राजधानी अंबाजोगाई. नांदेडकर रुसले
म्हणून उन्हाळ्यात नांदेड, नदीला पाणी असेल तर.
दिल्लीला एक वकील, कराचीला एक वकील,
दोघांचाही प्रवासभत्ता थकलेला.
राजभाषेवर सात वर्षं समिती बसली,
मराठी, उर्दू, कानडी, तेलुगू,
प्रत्येकाचं टिपण प्रत्येकाला न कळणारं,
शेवटी दोनच शब्द एकमतानं मंजूर झाले:
हौ आणि नक्को.
सतरा सप्टेंबर तिथं साधी तारीख.
शाळा भरते. मास्तर उशिरा येतात.

पाचव्या दिवशी मी हद्द आखत होतो
एका न विकल्या गेलेल्या पत्रिकेच्या पाठीवर,
तेव्हा त्यांनी बोट ठेवलं.
वेशीबाहेरची विहीर.
त्या उन्हाळ्यात तिच्यात माझ्या आज्याचा धाकटा भाऊ, काशिनाथ.
पोळा होऊन गेल्यावर मौलासाबचा थोरला, दस्तगीर.
तोच रहाट. मधे चार महिने.
आमच्या दोन्ही घरांत त्या पाण्याचं नाव निघत नाही,
आणि पन्नास वर्षं आम्ही एका भिंतीआड राहतो.
“ही कुठं टाकतोस?”

हद्द मागं सरकवली. पुढं आणली.
नदी वळवली. रूळ उखडून दुसरीकडं टाकले.
तहात एक कलम घातलं, मग खोडलं.
फुली पहिल्या चौकोनात मारून पाहिली,
दुसऱ्यात मारून पाहिली.
सगळ्या नकाशांत विहीर
हद्दीच्या आतच निघाली.

मग त्यांनी चिमटा घेतला, सुतळी सोडली.
जुळवायला रात्र गेली होती, म्हणाले,
सोडवायला काय.
हिंदीचा ‘ह’, हैदराबादचा ‘ह’
एकाच खणात पडले, टक्‌, टक्‌,
कोणता कुठला हे मलाही सांगता येईना.
राहिल्या बारा पितळी पट्ट्या.
त्यांना केसमध्ये खण नव्हता,
आणि तिसऱ्याच्या चार कोणत्या, तेही आता कळत नव्हतं.

हबीबनं काटा धरला: पितळ वेगळं तोलू का?
मौलासाबनी ऐकलं की नाही कोण जाणे.
आरसा अजून त्यांच्या हातात होता.
डोळे उजवीकडून डावीकडं सरकत होते
रिकाम्या लोखंडावरून,
सावकाश,
एखादी ओळ तपासावी तसे.