आस

कापणी संपली की आमचा भुईकाटा मोकळा असतो.
गव्हाचा शेवटचा ट्रक मागच्या मंगळवारी गेला,
तेव्हापासून मी काचेमागे बसून
विणते, आणि वाऱ्याला शिव्या देते.
माँटानाच्या या पट्ट्यात ऑक्टोबरात दुसरं करायचं काय.

आर्डिस क्वामी आली ती पावणेचारला.
चौतीस वर्षं शाळेची बस हाकलेली बाई,
माझी दोन्ही पोरं तिच्याच आरशात मोठी झाली.
पिकअप तिची जुनीच.
पाठीवरचा कॅम्पर नवा, म्हणजे तिला नवा,
लेथब्रिजच्या कुणा दंतवैद्याकडून घेतलेला:
शेगडी, बिछाना, दोन खिडक्या,
अख्खं घर पाठुंगळीला.
"स्टिअरिंग हलकं लागतंय," म्हणाली.
"माझ्या हातात चाक आहे, चाकाच्या हातात रस्ता नाही."

म्हटलं, आधी नुसती पुढची चाकं घे काट्यावर.
तीन हजार सातशे साठ.
आता सगळी.
नऊ हजार सातशे चाळीस.
दाराच्या चौकटीवरचा कागद दहा हजारांपर्यंत हो म्हणतो.
पण रिकामी होती तेव्हा पुढे तीन हजार नऊशे भरायचे.
तीन हजारांवर पौंड पाठीवर चढले
आणि पुढचे एकशे चाळीस उडाले कुठे?

ओझं जास्त नसतंच, बाई, कधीकधी.
जागा चुकलेली असते.

कॅम्परच्या कुशीला एक फिकट बाण असतो चिकटवलेला:
याचा भारमध्य इथे.
तो मागच्या आसाच्या पुढे पडायला हवा.
हिचा मागे. किती मागे?
मी गुडघ्यावर बसून वीत लावली.
एक वीत, जराशी आखडलेली. सात इंच.

मागे काय भरलंयस?
"पाणी. तीस गॅलन, शेपटाकडच्या टाकीत."
आणि?
ती हातमोजे काढत बसली. मग म्हणाली,
"हालवरचे दगड."

हालवर शेजारच्या सीटवर होता, पट्टा लावून,
दाढी आज कुणीतरी करून दिलेली.
नदीकाठचे अकीक वेचण्यात उमर गेली,
आता बायकोचं नाव दुपारपर्यंतच पुरतं त्याला.
शंभर पौंड दगड, दुधाच्या क्रेटांत, मागच्या दाराशी.
"रात्री हाताशी लागतात त्याला," आर्डिस म्हणाली,
माझ्याकडे न बघता.

टाकी सोडली. पाणी धसकटांत शिरलं आणि नाहीसं झालं.
क्रेट आम्ही दोघींनी वाहिले,
त्याच्या सीटच्या मागे, एकावर एक.
खिडकीतून तो प्रत्येकाला ओळख देत होता:
हा पुराच्या वर्षीचा.
हा दोन डॉलरला मागत होते, दिला नाही.
हा आपण भांडलो त्या दिवशीचा.
(कशावरून भांडलो, ते त्यालाही आठवेना, तिलाही.
तिनं तसं सांगितलं तरी.)

"मी उतरू का?" त्यानं विचारलं. "हलकं होईल."
"तू बैस," आर्डिस म्हणाली.
"तुझं वजन जागेवर आहे."

पुन्हा काट्यावर.
पुढचा आस: तीन हजार नऊशे चाळीस.
मी आकडा मोठ्यानं वाचला, दोनदा,
जसा पोरांचा निकाल वाचतात.

पाणी मुक्कामाजवळ भरा, म्हटलं.
मागच्या टायरांत हवा जास्त ठेव.
खिंडीत वारा आडवा येतो, तेव्हा घाई नको.
पावतीचे चार डॉलर घेतले;
फुकट घेणारी बाई नाही ती.

निघताना हालवरनं काच खाली केली
आणि माझ्या तळहातावर एक दगड ठेवला,
मधासारखा, मध्ये काळी रेघ.
"एवढा कमी करा," म्हणाला, अगदी गंभीरपणे.

आमचा काटा वीस-वीस पौंडांच्या पावलांनी चालतो.
असला दगड त्याच्या गावीही नसतो.
मी तो विणकामाच्या पिशवीत टाकला.
पिशवी खुर्चीच्या पाठीला टांगलेली होती,
ती एका अंगाला कलली
आणि तशीच राहिली.