एक घर खाली

"मांजरीसारखी पाठ काढा, कुमुदताई."
बडोद्याच्या रावपुऱ्यात चाळीस वर्षं ब्लाउज शिवून
ती तशी वाकलेलीच.

तळहात कमरेच्या हाडांवर ठेवतो,
अंगठे मधे आणतो.
या रेघेवर चौथा मणका,
पुस्तकात.
इथे चरबीखाली रेघ सरकते.

"माप घेताय?"
"हो."
"मग नुसत्या बोटावर जाऊ नका.
बोटाला कमर नेहमी वरच लागते.
माझ्या गिऱ्हाइकांचंही तेच."

थांबतो. पुन्हा चाचपतो,
काजांची पट्टी मोजावी तसा उतरतो
एक घर खाली.
सुई शिरते, अडते, मग
हाताला एक बारीक 'टप्',
आणि पाण्यासारखा थेंब.

"बसला टाका?"

पाय कोमट होत जातात.
उजवा,
झोपेतही पायडल मारणारा,
सगळ्यात शेवटी थांबतो.