अस्तर

शुक्रवारी सकाळी सहाचा पहिला शो.
दांडिया बाजारात माझ्या मशीनपुढे
बुधवारपासून पोरांची रांग:
काका, केप. लाल. गुडघ्याच्या खाली.

नवरात्रात उरलेलं चनिया-चोळीचं साटीन,
कुणाच्या तरी गरब्याचा घेर
आता अकरा पाठींवर उडणार.

ट्रेलर मी पाहिलेला नाही.
तरी मला ठाऊक आहे
पूल पडतो, तो एका हाताने धरतो,
आणि शेवटी मरतो की नाही यावरून
हार्दिक आणि तन्मयचा अबोला आहे.

सगळे गेले. पागेंचा ऋतुराज रेंगाळला.
आतून खिसा लावाल? दिसायला नको.
अरे, उडणाऱ्याला खिसा कशाला?
त्याने मूठ उघडली. इन्हेलर.

दुहेरी टीप मारली.
लाल दोरा संपला होता,
आतून निळी आहे.
कुणाला सांगू नका.